दाढीपर्यंत आलेला हात

गफूर कागद्याचं उजवं कोपर एकशेतीस अंशांपर्यंत वाकलं, तर चांगदेव कुऱ्हाड्याला मिळणार होतं ते असं: पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात कायमची जागा, महिन्याचे तीसही दिवस एकाच गावात एकाच छपराखाली, दीड वर्षापासून आळे गावी सासूसासऱ्यांपाशी राहिलेली बायको अंबाबाई त्याच छपराखाली, आणि 'मालिशवाला' हे नाव सुटून दुसरं कुठलंही. ही शेवटची बाब त्याने कुणाला बोलून दाखवली नव्हती. मनातल्या यादीत मात्र तीच सगळ्यात वर होती.

आणि गफूरला काय मिळणार होतं? तोंडात घास.

हे वरवर थोडं वाटतं, म्हणून सांगायला हवं. जुन्नरात हाताने कागद करणारी घरं सत्तावन्न सालापर्यंत बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यातलं एक गफूरचं. हौदाजवळच्या ओल्या फरशीवर पाय घसरला, तो उजव्या कोपरावर आदळला. हाड बसलं, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालं, पण हात काटकोनात वाकला तो तिथंच रुसून बसला. खाली जाई, वर येईना. डाव्या हाताने जेवायचं तर त्या हाताची कामं वेगळी. गफूर उपाशी मेला असता, पण डावा हात ताटाला लावला नसता. मग दुपारी दार लोटून रहिमाबी त्याला भरवायची. सकाळी अर्ध्या गल्लीवर डाफरणारा बावन्न वर्षांचा माणूस दुपारी पाखराच्या पिलासारखा तोंड उघडून बसायचा. गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नसल्याचं सोंग मात्र गल्लीने नेटकं वठवलं होतं.

पण सोंगाला मुदत होती. धाकटी नसीम मंचरच्या शौकतच्या मुलाला दिली होती आणि निकाह होळीनंतरच्या गुरुवारी ठरला होता. दोन्ही घरांची रीत एकच होती. निकाह लागला की मुलीचा बाप आणि मुलाचा बाप एका मोठ्या ताटाला समोरासमोर बसायचे आणि दोघांचे उजवे हात एकदमच पहिला घास उचलायचे. तो घास दोन्ही तोंडांत पडेपर्यंत मांडवातल्या कुणी अस्तनी वर करायची नाही. नवरदेवाने 'कबूल' कितीही वेळा म्हटलं तरी भावकी सोयरीक मोजायची ती त्या घासापासून.

चांगदेवने हिशेब मांडला तेव्हा निकाहाला एकोणचाळीस दिवस होते आणि कोपर पंच्याण्णव अंशांवर होतं. हात सरळ असला की शून्य, तोंडाला लागला की एकशेतीस. दिवसाला एक अंश, यापेक्षा जास्त कोपराकडे मागू नये असं त्याला शिकवलेलं. पंच्याण्णवात एकोणचाळीस मिळवले की एकशेचौतीस. म्हणजे गफूरचा घास वेळेत पोचत होता, वर चार अंश शिल्लक राहत होते. अडत होतं ते चांगदेवचंच. पुण्याची जागा द्यायची की नाही ते हाच हात बघून ठरवायला दवाखाना चालवणाऱ्या मंडळाचे मोठे डॉक्टर मुंबईहून येणार होते निकाहाच्या आठ दिवस आधी. त्या दिवशी आकडा भरणार होता एकशेसव्वीस. चार अंश कमी.

लढाईच्या शेवटच्या वर्षी चांगदेव पोरवयातच लष्करी इस्पितळात लागला आणि जखमी शिपायांचे पाय चोळता चोळता ह्या धंद्यात शिरला. पुढे मुंबईला दोन वर्षं रीतसर शिकून आला. मंडळाने त्याला घेतलं ते तात्पुरतं आणि फिरतं. एक पंधरवडा जुन्नरच्या दवाखान्यात, दुसरा पंधरवडा आंबेगावच्या गावांतून, सायकल येष्टीच्या टपावर टाकून. पाटीवर 'फिजिओथेरपिस्ट' लिहिलं होतं. ते वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे.

"किती झालं?" गफूरने बाकावर पडल्या पडल्या विचारलं.

"शहाण्णव."

"काल पंच्याण्णव व्हतं."

"मग वाढला की एक, चाचा."

"एक अंश म्हंजी किती? दाखवा तरी."

चांगदेवने कोन मोजायच्या पितळी पट्टीचे दोन पाय केसभर उघडून दाखवले. गफूरने एक डोळा मिटून त्या फटीतून पाहिलं. "ह्यातनं मुंगी बी जायची न्हाई, आन् तुमी म्हणता वाढलं!"

गफूरचं माप वेगळं होतं. त्याच्या सदऱ्याला चार बटणं. आज अंगठा सगळ्यात खालच्या बटणाला लागत होता. वर तीन बटणं, मग दाढी, मग तोंड. तो रोज बटणं मोजायचा.

उपचार बघायला बसलेल्या माणसाला झोप यावी असा होता. उताणं पडायचं, हात छताकडे धरायचा आणि कोपर आपल्या वजनाने तोंडाकडे जेवढं पडेल तेवढं पडू द्यायचं. दुखलं की थांबायचं, श्वास सोडायचा, पुन्हा. चांगदेव मनगटाखाली हात धरून नुसता उभा.

"आन् तुमी काय करता?"

"मी जोर लावत नाही."

"ते दिसतंयच की. न लावायचा पगार मिळतो व्हय?"

चांगदेव हसला, पण लागलं. "चाचा, मुंबईला आमच्या बाई सांगायच्या, गुडघा बैलासारखा असतो, हाकला की चालतो. कोपर मांजरासारखं. ओढलं की नखं काढतं. जोर केला, तेल चोळलं, वजन टांगलं, तर आतल्या मांसात हाड धरतं. मग आहे तेवढंही जातं. जोर नाही, मालिश नाही, वजन नाही. घरीसुद्धा."

"चाचीला सांगा," गफूर म्हणाला. "घरचा कारभार तिकडं."

दाराशी उभ्या रहिमाबीने पदर सावरला. "मी हाय ध्यान ठिवायला. आन् न्हाईच आला हात, तर भरवायला बी हायेच की."

"मांडवात भरवशील का?" गफूर खेकसला.

दवाखान्यासमोरच्या ओट्यावर धर्माजी हाडवैद्य बसायचा. बांबूच्या कामट्या, तेलाची बाटली आणि मिशा, एवढंच त्याचं सामान. पैसा घेत नसे, नारळ घ्यायचा. त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलायला माणसांना जड जाई. चांगदेव बाहेर पडला की त्याचा एक टोमणा ठरलेला.

"काय चांगदेवराव, गफूरशेटचा हात कुटवर आला? नारायणगाव तरी सोडलं का न्हाई?"

"येतोय हळूहळू."

"येऊ द्या, येऊ द्या. बैलगाडीनं निघालेलं पावणं बी पोचत्यातच. जेवणं उरकल्यावर पोचत्यात, येवढंच."

पंधरवडा संपला तेव्हा कार्डावर एकशेआठ होते आणि अंगठा तिसऱ्या बटणावर. चांगदेवने गफूरला व्यायाम पुन्हा करून दाखवला, रहिमाबीकडून वदवून घेतला आणि सायकल टपावर चढवली.

*

मंचरला त्याचा एक रोगी होता, तो दुसरातिसरा कुणी नसून खुद्द शौकत, नसीमचा होणारा सासरा. पत्र्याच्या पेट्या करायचा धंदा. दिवसभर वाकून वाकून कंबर धरलेली. चांगदेव त्याला पेटी गुडघ्यात वाकून कशी उचलायची ते शिकवत होता आणि शौकत ती नेमकी कमरेतूनच उचलत होता.

"डॉक्टर, एक इचारू?" शौकतने पेटी खाली ठेवली. दुकानात आणखी तिघेचौघे भावकीतले बसले होते. त्यांची बोलणी एकदम आटपली. "आमचं व्याही बायकोच्या हातानं जेवत्यात म्हणं. खरं का?"

ह्या प्रश्नाला बरीच चांगली उत्तरं होती. 'रोग्याचं मी बाहेर बोलत नाही' हे सगळ्यात सोपं. 'हात सुधारतोय' हेही खरंच होतं. पण कोपऱ्यातला एक म्हातारा हळूच दुसऱ्याला म्हणाला, "त्याला काय इचारतो? मालिशवाला त्यो."

चांगदेवचे कान तापले. "निकाहाच्या दिवशी तुमच्यासमोर बसून आपल्या हातानं जेवतील," तो म्हणाला. "माझी जबान आहे. आला नाही हात, तर मला विचारा."

"बास!" शौकतने मांडीवर थाप मारली. "डॉक्टरनं जबान दिली. आता कुणी बोलायचं न्हाई."

चांगदेव दुकानातून उतरला तो एक वीत उंच होऊन. जबान द्यायला काही लागत नाही, हा तिचा मोठाच गुण आहे. काय लागतं ते मागाहून कळतं.

चार दिवसांनी तो अवसरी बुद्रुकला साळुबाईकडे गेला. अंगावरून वारं जाऊन म्हातारीची उजवी बाजू लुळी पडली होती. तीन खेपा झाल्या तरी ती खाटेवरून उठायचं नाव घेत नव्हती. आज बघतो तर म्हातारी भिंत धरून उंबऱ्यात उभी आणि अंगणातल्या गाईला शिव्या घालतेय.

"वाळवणात त्वांड घातलं रांडंनं," साळुबाई वाकड्या तोंडाने म्हणाली. "सून गेलीया मळ्यात. मग उठायला नगं?"

खाट ते उंबरा अकरा पावलं. चांगदेवने ती कार्डावर लिहिली. ढकललं नाही, ओढलं नाही, म्हातारीचं मन झालं तेव्हा पाय आपसूक निघाला. एरवी त्याने ह्यातून धडा घेतला असता. पण डोक्यात एकशेतीस बसले होते आणि तिथे दुसऱ्या आकड्याला जागा नव्हती.

*

जुन्नरला परत आला त्या सकाळी त्याने गफूरच्या कोपराला पट्टी लावली. पुन्हा लावली. मग पट्टीचा खिळा ढिला झालाय का ते पाहिलं.

एकशेचार.

एकशेचोवीस असायला हवे होते. वीस अंश कुठे गेले ते विचारायची गरज नव्हती. दंडाला तिळाच्या तेलाचा आणि हळदीचा वास येत होता.

"चाचा?"

गफूरने छताकडे पाहिलं. रहिमाबीने फरशीकडे.

"किती दिवस चोळलं?"

"धा दिस."

"मी काय सांगितलं होतं?"

"तुमी काय सांगितलं व्हतं ते सोडा!" गफूर उठून बसला. "तुमी शौकतभाईला काय सांगितलं ते सांगा. मंचरच्या गाडीवानासंगं निरोप आला, डॉक्टरनं जबान दिलीया, आता फिकीर न्हाई. आन् माझा अंगठा तिसऱ्या बटणावर. मी म्हणलं, ह्या पोरानं माझ्यासाठी चार माणसांत शब्द टाकला. त्यो खोटा पडला तर माझं न्हाई, त्याचं त्वांड काळं व्हतंय. म्हणून गेलो धर्माजीकडं. तुमचा शब्द राखायला गेलो, डाक्टर."

चांगदेव स्टुलावर बसला. त्याने मंचरला टाकलेला शब्द त्याच्या आधी जुन्नरला पोचला होता आणि कोपर चोळून मोकळा झाला होता.

आता नवा हिशेब. मोठे डॉक्टर परवा येणार, तेव्हा फार तर एकशेसहा. निकाहाला एकशेचौदा. पुणं गेलं. घासही गेला.

तो दिवस व्यायामात गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एकशेपाच. चांगदेवने कार्डावर लिहिलं, शाई टिपायला वाळू टाकावी तशी त्यावर नजर टाकून बसला. बाहेर बाजार भरत होता, गाडीवान ओरडत होते. आत तिघंच. दवाखान्याचे डॉक्टर लेण्याद्रीच्या बाजूला देवी टोचायला गेलेले.

"एक दाब द्या," गफूर म्हणाला.

"नाही."

"एकच. मी वरडणार न्हाई."

"ओरडण्याचा प्रश्न नाही, चाचा. आत काय होईल ते मला माहीत आहे."

"उद्या तुमचे मोठे डाक्टर येनार. नऊ दिसांनी शौकतभाई येनार. माझी नसीम म्हणली काल, अब्बा, तुमी ताटाला बसू नका, मी सांगन सासऱ्यांला. पोरगी सांगनार! लग्नाच्या दिवशी!" "माझं कोपर हाय न्हवं? माझी कबुली हाय. द्या."

चांगदेवने रहिमाबीकडे पाहिलं. ती 'नको' म्हणेल तर सुटलो, असं त्याला वाटलं. तिने दाराची चौकट घट्ट धरली होती. नजर गफूरच्या हातावर.

बाईंचं मांजर त्याला आठवलं. नखं आठवली. आणि त्याच्या आत कुणीतरी हळूच म्हणालं, एकदाच. सावकाश. कधीकधी चालूनही जातं.

त्याने डावा तळहात कोपराखाली दिला. उजव्या हाताने मनगटावरचा भाग धरला. "श्वास सोडा," तो म्हणाला, आणि गफूरने सोडला, आणि त्याने दाबलं.

आधी काहीच हललं नाही. मग ओल्या कापडाची शिवण उसवावी तसं आत काहीतरी सुटत गेलं. गफूरच्या गळ्यातून आवाज निघाला, पण तो ओरडण्याचा नव्हता. चौथं बटण गेलं. दाढी आली. बोटांची टोकं दाढीत शिरली, वर सरकली आणि ओठांना लागली.

गफूर रडायला लागला. बोटं ओठांवर तशीच धरून. "आला, रहिमा. आला गं."

चांगदेवने पट्टी लावली. एकशेअठ्ठावीस. कार्डावर एकशेपाचच्या खाली, तीच तारीख घालून, त्याने आकडा लिहिला. अक्षर त्याचं फार सुरेख होतं.

*

मोठ्या डॉक्टरांची जीप दुसऱ्या दिवशी दहाला आली. त्याआधी तासभर गफूर आला होता. कोपर फुगून वांग्यासारखं झालेलं, हात लावू देईना, धग सदऱ्यावरून लागत होती. सत्तर अंशांपुढे हलत नव्हतं. चांगदेवने हात झोळीत बांधला आणि बांधताना त्याच्या डोळ्यांकडे बघितलं नाही.

मोठे डॉक्टर उंच, टकले, हळू बोलणारे. त्यांनी कोपर पाहिलं, बोटाच्या पाठीने धग पाहिली, कार्ड उचललं. वरपासून खालपर्यंत वाचलं.

"हे कशाने झालं?"

खोलीत दवाखान्याचे डॉक्टर होते, कंपाउंडर होता, दाराशी रहिमाबी होती. कंपाउंडर सोंडेने हुंगावं तसं हुंगून म्हणाला, "साहेब, तेलाचा वास येतोय. समोरच्या धर्माजीचं काम. रोगी फोडतो तो आमचे."

"खरं का?" डॉक्टरांनी गफूरला विचारलं.

गफूरने चांगदेवकडे पाहिलं. ती नजर फार वेळ टिकली नसेल, पण चांगदेवला त्यात सगळं वाचता आलं. मी मागितलं, तू दिलंस. तू माझ्यासाठी शब्द टाकलास, आता माझी पाळी.

"व्हय साहेब," गफूर म्हणाला. "मी गेलतो धर्माजीकडं. डाक्टर नको म्हणत व्हते, तरी गेलो."

एकही शब्द खोटा नव्हता. कंपाउंडरने मान हलवली. दवाखान्याच्या डॉक्टरांनी सुस्कारा सोडला.

"ठीक," मोठे डॉक्टर म्हणाले. "मामलेदारांकडे तक्रार करू. असल्या माणसाला दवाखान्यासमोर बसू देता कामा नये. कुऱ्हाडे, तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा, मी सांगतो."

चांगदेव टेबलाशी बसला. खिडकीतून समोरचा ओटा दिसत होता. धर्माजी कुणा बाईचं मनगट हातात धरून काहीतरी गमतीचं सांगत होता. ती दुखणं विसरून हसत होती.

"सदर इसम धर्माजी," डॉक्टर सांगू लागले, "हा कोणतेही शिक्षण नसताना रोग्यांची हाडे चोळतो. लिहिलंत? गफूर नावाच्या रोग्याचे कोपर आमच्या उपचाराने एकशेअठ्ठावीस अंशांपर्यंत आले असता, त्याने केलेल्या मालिशीमुळे..."

टाक 'मालिशीमुळे'च्या 'मा'वर थांबला. शाईचा थेंब फुगत गेला. चांगदेवने तो पडू दिला.

"कुऱ्हाडे?"

पुण्याचं छप्पर त्याच्या डोळ्यांसमोर होतं. एक शब्द लिहायचा अवकाश. पण तो शब्द होता 'मालिश', आणि तो दुसऱ्याच्या नावावर लिहायचा होता. आयुष्यभर अंगावरून झटकत आलेला शब्द आता आपल्या पापावर पांघरून दुसऱ्याच्या दारात टाकायचा. हे त्याला जमलं असतं तर तो फार पुढे गेला असता.

"साहेब," तो म्हणाला, "दाब मी दिला. काल सकाळी. हातानं."

कंपाउंडर खोकला. गफूर बाकावरून म्हणाला, "मी मागितला व्हता!"

"मागितला तरी द्यायचा नव्हता," चांगदेव म्हणाला. "मला माहीत होतं."

मोठ्या डॉक्टरांनी अर्धवट लिहिलेला कागद ओढून घेतला, चार घड्या केल्या, खिशात टाकला. मग कार्डावर बोट ठेवलं. "एकशेपाच आणि एकशेअठ्ठावीस. एकच तारीख. आम्हाला मुंबईत आठवड्याला सात मिळाले तर आम्ही पेढे वाटतो, कुऱ्हाडे. तुम्हाला एका सकाळी तेवीस मिळाले. मला वाचताच कळलं होतं. किती ओळी लिहिता ते बघत होतो."

म्हणजे खरं बोलण्याचं पुण्यही पुरतं पदरात पडलं नाही. अर्धं डॉक्टरांनी आधीच काढून घेतलेलं.

"नोकरी जाईल?" चांगदेवने विचारलं.

"नोकरी कशाला? कार्ड खोटं लिहिलं नाहीत. पण पुण्याचं विसरा. अजून दोन वर्षं फिरा. तीन आठवडे हा हात झोळीत, मग पुन्हा पहिल्यापासून. आणि तुम्हीच करायचं. दुसऱ्यावर टाकायचं नाही."

*

निकाहाच्या दिवशी मांडवात मोठं ताट मांडलं गेलं. शौकत एका बाजूला बसला. समोरची जागा रिकामी. गफूर झोळीतला हात सांभाळत उभ्याने वाढप बघत फिरत होता.

"व्याही, बसा की," शौकतने हाक दिली. भावकीच्या माना वळल्या.

"माझा रोजा हाय," गफूर म्हणाला. "पोरीच्या नावाचा मन्नतीचा. बसता येनार न्हाई. माझ्या जागी माझा भाऊ बसंल."

शौकतने वर पाहिलं. मग मांडवाच्या टोकाला उभ्या असलेल्या चांगदेवकडे पाहिलं. तो जबाब द्यायलाच आला होता, तोंड उघडून दोन पावलं पुढेही सरला होता. पण शौकतने हात वर करून त्याला थांबवलं.

"मन्नतीचा रोजा मोडू न्हाई," तो भावकीला ऐकू जाईल असं म्हणाला. "बसा हो भाऊ. घ्या घास."

दोन उजवे हात ताटात गेले आणि मांडव जेवू लागला. मंचरचा तो म्हातारा चांगदेवजवळून जाताना म्हणाला, "जबान लई स्वस्त झाली म्हणायची आजकाल." चांगदेवने मान खाली घातली.

मुलीच्या लग्नाचं जेवण बापाने चाखलं नाही. शब्द खरा करायला त्याने रोजा खरोखरच धरला होता, दिवस मावळेपर्यंत पाणीही घेतलं नाही.

तीन आठवड्यांनी झोळी निघाली. मग बाक, छत, श्वास, आणि दिवसाला जेमतेम अर्धा अंश. पावसाळा गेला, दिवाळी गेली. एकशेअठराला कोपर थांबलं ते कायमचं. हात दाढीपर्यंत येऊन उभा राहायचा. पुढचे बारा अंश त्यात नव्हतेच. तिथं हाड धरलं होतं.

तेव्हा चांगदेवने गफूरला शेवटची गोष्ट शिकवली. हात दाढीशी थांबला की घाई करायची नाही, खांदा जरा पुढे द्यायचा आणि मान खाली आणायची. घास तोंडाकडे येत नसेल तर तोंडाने घासाकडे जायचं. गफूरने करून पाहिलं. पहिला घास सदऱ्यावर सांडला, दुसरा दाढीत. तिसरा तोंडात पडला. रहिमाबी आतल्या दाराशी रिकाम्या हातांनी उभी होती. हातांचं काय करावं ते तिला सुचेना, मग तिने ते पदराला पुसले.

"चाचा, माझं चुकलं," चांगदेव म्हणाला.

"घास तर गेला," गफूर चावता चावता म्हणाला. "मान वाकवावी लागती, येवढंच. लेकीच्या बापाला त्याची सवय असती."

आता कुणी काय भरलं ते पाहू. धर्माजीने काही भरलं नाही. आपल्या नावाची तक्रार अर्धी लिहिली गेली होती हे त्याला कळलंही नाही, आणि ओट्यावरून तो 'नारायणगाव सोडलं का' विचारतच राहिला. चांगदेवने दोन वर्षं भरली, सायकल टपावर टाकून. अंबाबाईनेही तीच दोन वर्षं आळ्यात भरली, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. शौकतने रोज्याची सबब खरी मानली. आणि घाई कुणीच केली नसती तर निकाहाच्या दिवशी हात चार अंश शिल्लक ठेवून तोंडाला लागला असता. त्याऐवजी जे बारा कमी पडले, ते पुढे रोज दोन वेळा, घासागणिक, गफूरच्या मानेने भरले.